मांजरीचं पिल्लू, माकडाचं पिल्लू

पूर्वी माणसाची पारख करायला फार खटाटोप लागत नसे. गाव कोणतं, चहात साखर किती आणि वर्तमानपत्र कुठलं घेता, एवढ्या तीन प्रश्नांत समोरच्या गृहस्थाची कुंडली मांडून व्हायची. हल्ली वर्तमानपत्र फारसं कुणी घेत नाही, साखर डॉक्टरांनी बंद केलेली असते, आणि गाव विचारलं तर "तसे आम्ही मूळचे..." अशी सुरुवात होऊन गाडी शेवटी सेक्टरच्या नंबरावर येऊन थांबते. तेव्हा नवी कसोटी निघणं भागच होतं. ती निघाली आहे. लग्नाच्या मांडवात शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ येऊन बसतो, खिशातून फोन काढतो, त्याकडे खिन्नपणे बघतो आणि विचारतो, "तुमचा कुठला? अँड्रॉइड की आयफोन?"

हा प्रश्न ज्या आवाजात विचारला जातो, त्याच आवाजात आमच्या आजोबांच्या काळी "आपण स्मार्त की भागवत?" असं विचारलं जायचं. तेव्हा उत्तरावरून तुमची एकादशी आज की उद्या हे ठरे. आता तुमच्याबद्दलचं मत ठरतं. आयफोनवाला समोरच्याचा अँड्रॉइड पाहून "असू दे, असू दे" असा चेहरा करतो. अँड्रॉइडवाला समोरचा आयफोन पाहून मनातल्या मनात हप्ते मोजतो.

मी राहतो करंजाडेला. पनवेल स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला "करंजाडे" म्हटलं की तो उलट विचारतो, "गाव की सेक्टर?" या लेखाचा सगळा विषय त्या तीन शब्दांत आला आहे असं माझं मत आहे. करंजाडे गाव ज्याला जसं सुचलं तसं वाढलं. गल्ली मध्येच वळते, कारण तिथे कधीकाळी कुणाचा तरी गोठा होता. गोठा गेला, गाय गेली, वळण राहिलं. सेक्टर मात्र सिडकोनं पट्टी लावून आखलेला. इथे रस्ता, इथे प्लॉट, इथे बाग, इथे दुकान. सेक्टरात पत्ता शोधताना कुणाला काही विचारावं लागत नाही. गावात पत्ता विचारला तर आधी तुम्ही कोण, कुणाकडे, कशासाठी हे सगळं सांगावं लागतं, आणि मग सांगणारा स्वतः बरोबर चालत येतो. आयफोन हा सेक्टर आहे आणि अँड्रॉइड हे गावठाण आहे. एवढं लक्षात ठेवलं म्हणजे बाकीचा सगळा तपशील आपोआप उलगडत जातो.

तरुण वाचकांना वाटेल की जगात हे दोनच पंथ सृष्टीच्या आरंभापासून आहेत. तसं नाही. आमच्या डोळ्यांदेखत कितीतरी पंथ आले आणि लयाला गेले. २००३ साली नोकियाचा ११०० नावाचा फोन आला. त्याला बॅटरी होती, विजेरी होती आणि स्वभाव होता. जगभर पंचवीस कोटींहून जास्त खपला. त्यात काय निवडायचं हा प्रश्नच नव्हता. फोन करा, फोन घ्या, वीज गेली तर जिना उतरा. मग नोकियाचेच सिंबियनवाले फोन आले. मग साहेबलोकांच्या कमरेला ब्लॅकबेरी आला. तो ४ जानेवारी २०२२ रोजी कायमचा निमाला. म्हणजे फोन हातात तसाच राहिला, पण त्याच्या पाठीमागची यंत्रणाच कंपनीनं बंद केली. मायक्रोसॉफ्टनं विंडोज फोन काढला, त्यासाठी नोकियाचा फोनधंदा २०१४ साली विकतसुद्धा घेतला, आणि २०२० साली त्याचीही उत्तरक्रिया झाली. आमच्या कपाटाच्या खालच्या खणात या सर्व पंथांच्या समाध्या आहेत. दसऱ्याला कुटुंब तिथली धूळ झटकतं आणि दरवर्षी विचारतं, "हे टाकायचं का?" मी दरवर्षी नको म्हणतो. पूर्वज असे टाकता येत नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही एक प्रयत्न होऊन गेला. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या काही मुलांनी २०१५ च्या सुमारास इंडस ओएस नावाची व्यवस्था उभी केली. पाया अँड्रॉइडचाच, पण वरचं घर आपल्या भाषांचं. मराठीत लिहा, आलेला मजकूर बोट सरकवून दुसऱ्या भाषेत न्या, अशी सोय. मायक्रोमॅक्सच्या फोनांतून ती घरोघर गेली. पुढे २०२२ साली ती कंपनी फोनपेनं घेतली आणि आज इंडस हे नाव उरलंय ते ॲप मिळण्याच्या दुकानाचं. भाषा आपली असली तरी जोतं दुसऱ्याचं असलं की घर किती दिवस आपलं राहतं, हा त्यातला प्रश्न आहे. पण तो मोठा प्रश्न झाला. आपण लहान प्रश्न घेऊ.

लहान प्रश्न असा: सोय मोठी की मुखत्यारी मोठी?

सोयीचं सांगायचं तर आयफोनमध्ये कुठे काय ठेवायचं हे त्यानंच ठरवलेलं असतं, म्हणून काही सापडत नाही असं सहसा होत नाही. पण ठरवलेलं म्हणजे किती ठरवलेलं? जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्जनं पहिला आयफोन जगाला दाखवला, तेव्हा त्यात एका जागचा मजकूर उचलून दुसऱ्या जागी चिकटवायची सोयसुद्धा नव्हती. ती आली २००९ साली. एवढा शिकलासवरलेला फोन, आणि दोन वर्षं त्याला उताऱ्याची नक्कल करता येत नव्हती! पडद्यावरची चित्रं मधे रिकामी जागा सोडून हवी तिथे ठेवण्याची मुभा तर २०२४ च्या सप्टेंबरात मिळाली. तोवर कुठलंही चित्र काढलं की बाकीची सगळी वरच्या कोपऱ्याकडे सरकून शिस्तीत उभी राहायची, शाळेतल्या प्रार्थनेसारखी.

अँड्रॉइडचं उलट. २००८ साली तो जन्मला तोच "तुमचं तुम्ही बघा" म्हणत. पडद्याचं रूप बदला, अक्षरं बदला, कळफलक बदला, पटत नसेल तर घराचा दर्शनी भागच बदला. प्रत्येक कंपनी त्यावर आपापला गिलावा करते, म्हणून एकाच्या फोनवर आवाज बारीक करायला शिकलेला माणूस दुसऱ्याच्या फोनपुढे पुन्हा निरक्षर. फोन उघडावा तर न मागितलेले पाहुणे आधीच घरात पथारी टाकून बसलेले: तीन खेळ, दोन बाजारहाट आणि एक बातम्या देणारा, जो बातमी म्हणून ज्योतिष सांगतो. माझ्या फोनमधल्या एका पाहुण्याला हाकलायला मी गेलो, तर कंपनीनं सांगितलं की याला झोपवता येईल, काढता येणार नाही. कंपनीचं नाव सांगत नाही. फोन अजून तिच्याच वॉरंटीत आहे.

आणि नावं तरी काय! अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना इंग्रजी वर्णानुक्रमानं पाश्चात्त्य मिठायांची नावं देत असत. २०१५ साली 'म'ची पाळी आली तेव्हा करंजाडेतल्या आमच्या कट्ट्याला मनापासून वाटलं होतं की आता मोदक. आला मार्शमेलो. रबराला साखर लावल्यासारखा तो पदार्थ ज्यांना मोदकापेक्षा जवळचा वाटतो, त्यांच्या हाती आपण आपली सगळी पत्रं, फोटो आणि पासबुकं दिली आहेत, हे लक्षात आलं की जरा घाबरायला होतं. २०१९ पासून मिठाया बंद झाल्या आणि आकडे आले. बहुधा त्यांनाही डॉक्टरांनी सांगितलं असावं.

अशा तुलना करण्यात थोर माणसांनीही वेळ घालवला आहे. इटलीतले कादंबरीकार उंबर्तो एको यांनी १९९४ साली एका साप्ताहिकात लिहिलं होतं की ॲपलचा मॅकिंटॉश संगणक कॅथलिक आहे आणि डॉसवर चालणारे संगणक प्रॉटेस्टंट आहेत. पहिला भक्ताला बोट धरून मोक्षापर्यंत नेतो. दुसरा म्हणतो, पोथी तुझी तू वाच, अर्थ तुझा तू लाव, आणि सर्वांनाच मोक्ष मिळेल असं काही नाही. एकोंची कल्पना सुंदर आहे. पण आपल्याला त्यासाठी रोमपर्यंत जायचं कारण नाही. आपण कांचीपुरमपर्यंत गेलो तरी पुरे.

रामानुजाचार्यांच्या मागून त्यांच्या संप्रदायात दोन तट पडले. वाद असा, की देव भक्ताला तारतो तेव्हा भक्तानं स्वतः काही करायचं असतं की नाही? वडकलै म्हणाले, करायचं असतं. माकडीण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारते तेव्हा पिल्लू तिच्या पोटाला घट्ट धरून असतं. उडी आईची, पण पकड पिल्लाची. हा मर्कटकिशोरन्याय. तेंकलै म्हणाले, छे! मांजर पिल्लाला मानेला धरून उचलते तेव्हा पिल्लू नुसतं लोंबकळतं. त्यानं काही करायचं नसतं. केलंच तर अडथळा. हा मार्जारकिशोरन्याय. दोघांची गंधं वेगळी, एकाचं इंग्रजी 'यू'सारखं, दुसऱ्याचं 'वाय'सारखं. आणि देवळाच्या हत्तीच्या कपाळावर कोणतं ओढायचं यावरून कांचीपुरमला भांडणं कोर्टापर्यंत गेली. हसू नका. फोनाचे कोपरे गोल कुणी आधी केले या आणि अशाच मुद्द्यांवरून ॲपल आणि सॅमसंग २०११ पासून २०१८ पर्यंत कोर्टात भांडत होते. त्यामानानं हत्तीचं कपाळ हा विषय मोठाच म्हणायचा.

तर आयफोन हा मांजरपंथ आणि अँड्रॉइड हा माकडपंथ. मांजरपंथीयानं फक्त लोंबकळायचं. माकडपंथीयानं घट्ट धरायचं. हात सुटला तर आई जबाबदार नाही.

आता हा झाला विनोद. पण गेल्या वर्षी हाच वाद आमच्या घरी अगदी निकरानं उभा राहिला, तो आमच्या आत्यामुळे.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. यजमान गेल्यापासून आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटी राहते. तिचा मुलगा न्यू जर्सीला. यजमान असताना बँक, वीजबिल, गॅस सगळं तेच बघत. ते गेले तेव्हा आत्याला पैसे काढायची चिठ्ठीसुद्धा भरता येत नव्हती. मग तिनं एक साधा, माकडपंथी फोन घेतला आणि एक दोनशे पानी वही घेतली. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं 'फोन', खाली 'श्री', आणि मग एकेक विद्या उतरवायला लागली. ती वही मी वाचली आहे. "पैसे पाठवणे. १) निळं चित्र दाबणे. २) घाई करू नये. ३) नाव दोनदा वाचणे. ४) चष्मा लावून तिसऱ्यांदा वाचणे. ५) मगच आकडे." दुसऱ्या पानावर: "गोल फिरत असेल तर फिरू द्यावं. आपण चहा टाकावा." आणखी पुढे एका चौकटीत: "लग्नाचं आमंत्रण अक्षता घेऊन येतं. फाइल आली तर दाबू नये."

हे शेवटचं कलम महत्त्वाचं आहे. २०२४ पासून एक टोळधाड चालू आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, आपण कौतुकानं दाबतो, आणि पत्रिकेच्या वेषात आलेलं ॲप फोनमध्ये शिरून बँकेचे निरोप वाचू लागतं. लग्नाला जाण्याच्या आधीच आहेर वसूल. ही पत्रिका माकडपंथी फोनांसाठीच लिहिलेली असते, कारण बाहेरून आणलेलं ॲप बसवून घ्यायची मुभा तिथे असते. मांजरपंथी फोन आपल्याकडे तसं बसवू देत नाही. म्हणजे ज्या दारातून स्वातंत्र्य येतं, त्याच दारातून चोर येतो. हे नाकारण्यात अर्थ नाही.

आत्याच्या मुलानं ते वाचलं आणि दिवाळीला येताना लाखाच्या घरातला आयफोन घेऊन आला. म्हणाला, "आई, आता तुला काही बघायला नको. सगळं मी लावून दिलंय. पैशांचं मी तिकडून बघेन. तू फक्त बोल आणि फोटो बघ."

आत्यानं फोन हातात घेतला, उलटसुलट पाहिला, छान आहे म्हणाली. मग विचारलं, "आणि माझी वही?"

"वहीची आता गरजच नाही, आई. हेच तर!"

"गरज नाही कशी? मी चार वर्षं शिकले ते कुठे ठेवू?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी आत्याकडे. मुलाचं काही चुकत होतं असं मला म्हणता येईना. आई एकटी, रोज पेपरात फसवणुकीच्या बातम्या, आणि आपण बारा हजार किलोमीटरवर. अशा वेळी आईला मानेला धरून उचलून सुरक्षित जागी ठेवावंसं वाटणं यात प्रेमाशिवाय दुसरं काय आहे? पण आत्याचाही प्रश्न खरा होता. यजमान होते तेव्हा ते बघत, आता मुलगा बघणार. मधली चार वर्षं तेवढी ती स्वतः बघत होती. ती चार वर्षं पुसून टाकायची, तीही तिच्याच भल्यासाठी. भलं करणाराशी भांडताही येत नाही, हीच त्यातली पंचाईत असते.

शिवाय कुंपणाचं संरक्षण कुठवर पोचतं हेही बघायला हवं. लग्नपत्रिकेला कुंपण अडवतं. पण 'डिजिटल अरेस्ट' नावाच्या प्रकाराला? ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं की कायद्यात अशी अटक नाही, घाबरू नका. आमच्याच इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ, उत्तम आयफोनधारी, दोन तास कॅमेऱ्यासमोर सावधान बसून होते. पलीकडे कोणी तोतया पोलीस. शेवटी त्यांच्या सौभाग्यवतींनी "आमटी निवतेय, किती वेळ तो मेला सिनेमा?" म्हणून फोन हिसकावला आणि त्यांची जामिनाशिवाय सुटका झाली. यात फोनचा काडीचाही दोष नव्हता. चोर फोनात शिरलाच नव्हता. तो गृहस्थांच्या भीतीत शिरला होता, आणि भीतीला कुठल्याच पंथाचं कुलूप बसत नाही. तिथे कामाला येते ती वही. "घाई करू नये" हे कलम कुठल्याही फोनवर चालतं.

पण म्हणून माकडपंथ श्रेष्ठ असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. माकडपंथाचं स्वातंत्र्य वाटतं तितकं मोकळं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो याच कारणासाठी की फोन बनवणाऱ्यांना गूगलची ॲप्स एकगठ्ठा घ्यायला लावली जात होती. म्हणजे माकडिणीनं "धर, हवं तसं धर" म्हणायचं आणि पिल्लाची शेपटी हळूच आपल्या शेपटीला बांधून ठेवायची. तिकडे ॲपलनं २०१७ च्या डिसेंबरात कबूल केलं की जुन्या बॅटरीचे आयफोन ते मुद्दाम मंद चालवत होते. फोन एकाएकी बंद पडू नये म्हणून. कारण पटण्यासारखं होतं. पण ज्याचा फोन त्याला सांगितलं नव्हतं. ते प्रकरण मिटवायला २०२० साली अमेरिकेत पन्नास कोटी डॉलरपर्यंत देण्याची तयारी दाखवावी लागली. मंद केल्याचा राग लोकांना आलाच. पण न विचारता मंद केल्याचा जास्त आला.

मग हळूहळू असं दिसू लागलं की दोन्ही पंथ एकमेकांच्या गल्लीत शिरताहेत. मार्च २०२४ पासून युरोपातल्या कायद्यानं ॲपलला तिथे दुसऱ्यांची दुकानं आत घेणं भाग पाडलं. चार्जरचं भोक युरोपामुळेच २०२३ साली सगळ्यांसारखं झालं. लग्नाच्या मांडवात आता कुणीही कुणाचं मागावं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं की बाहेरून बसवायच्या ॲपचा कर्ताही ओळख पटवलेलाच हवा. सुरुवात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. मांजर पिल्लाला थोडं धरायला शिकवतेय आणि माकडीण पिल्लाची मान पकडायला लागलीय. अशानं पंचवीस वर्षांनी आमच्यासारख्यांनी भांडायचं कशावरून, ही एक काळजीच आहे.

खरा प्रश्न त्यामुळे मांजर की माकड हा नव्हेच. उचलताना पिल्लाला विचारलं का, हा आहे. आणि हा प्रश्न करंजाडेला राहणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला नको. नवी मुंबईसाठी १९७० पासून पंच्याण्णव गावांची जमीन घेतली गेली. शहर हवं होतं, ते चांगलं झालंही. मी त्याच शहराच्या एका तुकड्यात बसून हे लिहितोय. पण शेतकऱ्यांनी विचारलं की आमचं काय, आणि १९८४ च्या जानेवारीत उरणच्या बाजूला त्या विचारण्यापायी पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. पुढे विमानतळासाठी दहा गावं हलवली, तेव्हा तो आकडा साडेबावीस झाला. त्यांतली काही बिऱ्हाडं वडघर-करंजाडेच्या बाजूला आली, म्हणजे आमच्या शेजारी. २५ डिसेंबर २०२५ पासून त्या विमानतळावरून विमानं उडू लागली. आमच्या गच्चीवरून मुलं विमान बघून हात हलवतात. शेजारचे एक आजोबाही बघतात, पण ते वर बघत नाहीत. विमान जिथून उडालं त्या दिशेला बघतात. त्यांना नवं घर मिळालंय, पक्कं आहे, नळ आहे, वीज आहे. त्यांना विचारलं की बरं आहे ना, तर म्हणतात, "बरा हाय." एवढंच. त्या "बरा हाय"मध्ये तक्रार नाही, पण ती जागा त्यांनी निवडलेली नाही एवढं त्यात ऐकू येतं.

फोनाची आणि जमिनीची तुलना करू नये हे मला कळतं. फोन बदलता येतो, गाव येत नाही. पण सवय तीच असते. एकदा लहानसहान गोष्टींत "आम्ही तुमच्या सोयीसाठी ठरवलंय" हे ऐकायची कानाला सवय झाली, की मोठ्या गोष्टींतही माणूस "असेल बुवा" म्हणून लोंबकळायला शिकतो. फोनवर रोज आपण न वाचता 'मान्य आहे' दाबतो. पूर्वी मुखत्यारपत्र द्यायचं तर स्टँपपेपर आणावा लागे, दोन साक्षीदार लागत, वकील दोनदा विचारी की बाबा रे, कळतंय ना काय देतोयस? आता अंगठा पुरतो. विशेष म्हणजे पूर्वी अंगठा उठवणाऱ्याला आपण अडाणी म्हणायचो.

आत्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. तिनं आयफोन परत केला नाही. "पोरानं हौसेनं आणलाय," म्हणाली. पण पैशांचा कारभार मुलाकडे द्यायला साफ नकार दिला. म्हणाली, "नवा फोन घेते. पण तू लावून द्यायचं नाहीस. तू सांगायचंस, मी लावणार, आणि मी वहीत लिहिणार." मुलाची रजा संपत आली होती, म्हणून उरलेली शिकवणी न्यू जर्सीहून सुरू झाली. रोज रात्री साडेनऊला, जुना फोन समोर उभा करून त्यावर मुलगा दिसतो, आणि नवा फोन आत्याच्या हातात. पहिले आठ दिवस भांडणं. "आई, वरून खाली बोट फिरव." "वर म्हणजे कुठलं वर? तुझं की माझं?" नवव्या दिवशी मी गेलो तर शिकवणी बाजूला राहिली होती आणि तो तिला विचारत होता, की आळूच्या फतफत्यात आंबटपणाला तू काय घालतेस. सहा वर्षांत मायलेकरं इतकी बोलली नव्हती. सोपा फोन देऊन तो मोकळा झाला असता. अवघड केल्यामुळे अडकला. वहीचा दुसरा खंड सुरू झाला आहे. पहिलं वाक्य मी पाहिलं: "हा फोन हुशार आहे. आपणही असावं."

मला वाटतं, त्या दोन्ही न्यायांत एक गोष्ट सांगायची राहून गेली. शास्त्रकारांना ती सांगायचं कारणही नव्हतं, कारण देवापुढे माणूस सदा पिल्लूच. पण खरीखुरी मांजर पिल्लाला आयुष्यभर तोंडात धरून हिंडत नाही. चार-सहा आठवड्यांनी तोंडचं सोडते, उंदीर कसा धरायचा दाखवते, आणि तरीही पिल्लू दूध मागत आलं तर एक पंजा लगावते. माकडिणीचंही तेच. पोटाला बिलगलेलं पिल्लू एक दिवस ती ओढून बाजूला करते आणि फांदीवर बसवते. दोन्ही आया चांगल्या, कारण दोघींनाही पिल्लू मोठं व्हायला हवं असतं.

ज्याला आपण मोठं झालेलं परवडत नाही तो आपली आई नव्हे, मग तो कितीही मऊ दातांनी धरो. ही कसोटी फोनाच्या कंपनीला लावा, सरकारला लावा, लावायची हिंमत असेल तर आपल्याच प्रेमळ माणसांना लावा. आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर आणखी एक लक्षात ठेवा. ती पिल्लं नव्हेत. त्यांनी आपल्याला तोंडात धरून किती घरं बदलली आणि नेमकं कधी खाली सोडलं, हे त्यांच्या वहीत कुठेतरी तारीखवार लिहिलेलं असतं.